मौन म्हणजे संमती केव्हा?



धम्म स्वीकारला म्हणजे आपण काय केले, असे कोणी विचारले तर आपण चटकन बावीस प्रतिज्ञा सांगतो, त्रिसरण-पंचशील सांगतो, घरातील जुने देव पाण्यात सोडल्याचे सांगतो. हे सारे खरे आहे. पण त्याच वेळी आपण आणखी एक गोष्ट केली. आपण एका संघटनेचे सभासद झालो. वाडीतील बौद्धजन मंडळ असो, तालुक्याची शाखा असो, महिला मंडळ असो की विहार बांधकाम समिती असो, आपले नाव कोठल्या तरी वहीत लिहिले गेले, वर्गणी सुरू झाली आणि आपल्या वतीने बोलणारा एक अध्यक्ष, एक चिटणीस व एक खजिनदार आपल्याला मिळाला. तो आपल्याला कसा मिळाला? त्याला कोणी निवडले? आपण निवडले काय?

कोणी म्हणेल की हा कारभाराचा विषय आहे, त्यात धम्म कोठे आला? माझे म्हणणे असे की हा नीतीचाच प्रश्न आहे. ज्या घरांनी नुकताच धम्म स्वीकारला आहे त्यांनी तर तो पहिल्याच वर्षी स्वतःला विचारला पाहिजे. कारण पहिल्या सभेत आपण जसे बसतो तशीच सवय पुढे जन्मभर लागते.

आपल्या तळा भागात, आणि एकूणच कोकणात, वाडीची वार्षिक सभा बहुधा मे महिन्यात होते. मुंबईचे चाकरमानी तेव्हा गावी आलेले असतात, लग्ने असतात, बुद्धपौर्णिमा असते. रात्री जेवणे आटोपून मंडळी विहारात जमतात. बुद्धवंदना होते, जमाखर्च वाचला जातो. मग नवी कमिटी निवडायची वेळ येते. पुढे बसलेल्यांपैकी एकजण उठतो आणि म्हणतो, "अध्यक्षपदासाठी मी अमक्यांचे नाव सुचवतो." दुसरा बसल्या जागेवरून म्हणतो, "अनुमोदन." तिसरा विचारतो, "कोणाची हरकत?" आणि उत्तराची वाट न पाहता टाळ्या वाजतात. सात पदे पंधरा मिनिटांत भरली जातात. इतिवृत्तात चिटणीस लिहितो, "सर्वानुमते निवड झाली."

आता वाचकहो, आपणच सांगा. त्या रात्री निवड झाली काय? सुचवणारा कोण असेल, अनुमोदन कोण देईल, हे संध्याकाळीच एखाद्या ओटीवर ठरलेले असते. खरी निवड तेथे, चार माणसांत झाली. विहारात झाले ते तिचे वाचन. आणि मागच्या रांगेतील साठ माणसे गप्प बसली, म्हणून त्यांची संमती धरली गेली. माझा प्रश्न या साठ माणसांच्या गप्प बसण्याविषयी आहे. मौन म्हणजे संमती, असे आपण सहज म्हणून जातो. ते केव्हा खरे असते आणि केव्हा खोटे?

हा प्रश्न विचारला की काही वडीलधारी मंडळी लगेच विनयाचा दाखला देतात. ते म्हणतात, "अरे, भिक्खूसंघातसुद्धा मौन हीच संमती धरत." त्यांचे म्हणणे खरे आहे. पण ते अर्धे खरे आहे, म्हणून पूर्ण काय आहे ते पाहू.

भिक्खूसंघाला एखाद्या कामासाठी माणूस नेमायचा असे तेव्हा विनयात ठरलेली रीत होती. प्रथम त्या भिक्खूलाच विचारायचे की हे काम तू करशील काय. त्याची तयारी असेल तरच पुढे जायचे. मग जाणत्या भिक्खूने संघापुढे सूचना मांडायची. या सूचनेला पालीत ञत्ति म्हणतात. संघाने अमुक भिक्खूला अमुक कामासाठी नेमावे, असे त्यात स्पष्ट सांगायचे. त्यानंतर ठराव पुन्हा संघाला ऐकवायचा आणि उघड सांगायचे की ज्यांना हे मान्य असेल त्यांनी गप्प राहावे, ज्यांना मान्य नसेल त्यांनी बोलावे. साध्या नेमणुकीला हे एकदा ऐकवले जाई. उपसंपदेसारख्या मोठ्या कामाला तीन वेळा ऐकवले जाई. या रीतीने विचारल्यावरच, आणि कोणी काही बोलले नाही तरच, संघाला मान्य आहे असे धरले जाई.

आता आपल्या सभेतील मौन आणि हे मौन यांत फरक पाहा. तेथे विषय आधी सांगितला जाई, माणसाचे नाव व काम स्पष्ट असे, विरुद्ध बोलण्याचे आमंत्रण ठरावातच असे, आणि त्या आमंत्रणानंतर वाट पाहिली जाई. शिवाय आणखी एक अट होती व ती मला सर्वांत मोठी वाटते. संघ पुरा जमलेला हवा. त्या सीमेत राहणारा एखादा भिक्खू आजारी असेल, येऊ शकत नसेल, तर त्याने आपली संमती दुसऱ्या भिक्खूजवळ सांगून पाठवायची. याला छन्द देणे म्हणतात. तेही त्याला जमत नसेल तर त्याला खाटेसकट सभेत आणायचे. आणि हलवल्याने त्याचे दुखणे वाढेल असे वाटले तर संघानेच त्याच्याकडे जायचे. पण अपुऱ्या संघाने काम उरकायचे नाही.

एका आजारी माणसाच्या मतासाठी सारा संघ उठून त्याच्या खाटेपाशी जाई! आणि आपण? कोणाला सभेचा दिवस कळवलेलाच नसतो, कोणाला "तू नवा आहेस, बस जरा" असे सांगितलेले असते, बायका चुलीपाशी भांडी आवरीत असतात, आणि आपण "सर्वानुमते" लिहून मोकळे होतो. विनयातील मौन आपण उचलले, पण त्या मौनाला अर्थ देणाऱ्या अटी मागेच टाकल्या.

मौनाची दुसरी कसोटी भीतीची आहे. बोलल्यावर काय होईल, याची धास्ती असेल तर गप्प बसणे ही संमती नव्हे. वर्गात कोणताही शिक्षक हे रोज पाहतो. "मॉनिटर म्हणून हा चालेल ना?" असे त्या मुलाच्या तोंडावर विचारले तर सारा वर्ग हो म्हणतो. त्याच मुलांना कागदाच्या चिठ्ठ्या दिल्या की दुसरेच नाव निघते. मुले खोटे बोलत नाहीत, ती फक्त मधल्या सुट्टीचा विचार करतात. मोठी माणसेही तसाच विचार करतात. अध्यक्षाच्या भावाकडे आपले शेत खंडाने आहे, चिटणिसाच्या ओळखीने मुलगा मुंबईत कामाला लागला आहे, उद्या मुलीच्या लग्नात मंडळाची भांडी व मांडव लागणार आहे. मग कोण हरकत घेणार?

आपल्या रायगड जिल्ह्याला तर या भीतीचा चांगलाच परिचय आहे. गावकीने माणसाला वाळीत टाकल्याच्या तक्रारी येथे एवढ्या झाल्या की सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ साली महाराष्ट्राने जो स्वतंत्र कायदा केला, त्याच्या चर्चेत रायगडचे नाव वारंवार आले. वाळीत टाकणे म्हणजे काय हे आपल्या आजोबा-पणजोबांइतके कोणाला ठाऊक असणार? ज्यांना साऱ्या गावाने पाणवठ्यापासून दूर ठेवले, त्यांच्या नातवंडांनी आपल्याच विहारात विरुद्ध बोलणाऱ्याला एकटे पाडावे, हे धम्माला शोभते काय? विरुद्ध बोलल्यावर माणसाच्या घरी जाणे-येणे थांबत असेल, तर त्या सभेतील प्रत्येक "सर्वानुमते" संशयास्पद आहे.

येथे एक आक्षेप येतो आणि तो प्रामाणिक आहे. जुने कार्यकर्ते म्हणतात, "गुरुजी, निवडणूक आली की फूट आली. वाडीत पंचवीस घरे. त्यांत दोन गट पडले की जयंतीही दोन होतात. त्यापेक्षा समजुतीने एक नाव ठरले तर बिघडले कोठे? तथागतांनीच वज्जींना एकजुटीने जमा, एकजुटीने उठा असे सांगितले ना?"

सांगितले, हे खरे. वज्जी लोक वारंवार सभा भरवतील, एकोप्याने जमतील, एकोप्याने उठतील, तोवर त्यांची हानी होणार नाही, असे भगवान म्हणाले. पण यात पहिली अट कोणती आहे? वारंवार सभा भरवणे. एकोपा हा सभेतून निघतो, सभा टाळून नव्हे. जे वर्षभर एकदाही जमत नाहीत आणि मे महिन्यात पंधरा मिनिटांत कमिटी उरकतात, त्यांच्यात एकोपा आहे की नाही हे कळायला मार्गच नाही. समजूत घालून एक नाव ठरवणे यात काही पाप नाही. संघालाही एकमतच अधिक प्रिय होते. पण समजूत घालणे निराळे आणि विचारलेच नाही हे निराळे.

आणि एकमत होत नसेल तेव्हा काय करायचे, याचीही सोय विनयात केलेली आहे. तिला येभुय्यसिका म्हणतात, म्हणजे बहुमताने निकाल. त्यासाठी लाकडाच्या शलाका वाटल्या जात. एका बाजूच्या मताला एका रंगाची शलाका, दुसऱ्या मताला दुसऱ्या रंगाची. त्या गोळा करणारा भिक्खूदेखील संघाने रीतसर नेमलेला असे. तो कसा असावा? लोभाने न झुकणारा, द्वेषाने न झुकणारा, मोहाने न झुकणारा, भयाने न झुकणारा, आणि कोणती शलाका घेतली गेली, कोणती नाही हे नीट जाणणारा. शलाका उघड घेण्याची पद्धत होती, कानात सांगून घेण्याची होती आणि गुप्त घेण्याचीही होती. गुप्त मतदान ही साहेबाने विलायतेहून आणलेली वस्तू आहे असे आपल्यापैकी कोणाला वाटत असेल, तर त्याने हे लक्षात ठेवावे.

हीच गोष्ट बाबासाहेबांनी घटना समितीत २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात देशाला ऐकवली. भारताला लोकशाही नवी नाही, बौद्ध भिक्खूसंघांना सभेचे सारे नियम ठाऊक होते, बसण्याची व्यवस्था, ठराव, गणसंख्या, मतांची मोजणी, शलाकांनी गुप्त मतदान, हे सारे त्यांच्यात होते, असा त्यांचा आशय होता. आणि त्याच भाषणात त्यांनी राजकारणातील विभूतिपूजेविरुद्ध इशारा दिला. धर्मात भक्ती मुक्तीकडे नेत असेल, पण राजकारणात ती अधोगतीकडे व हुकूमशाहीकडे नेते, हे त्यांनी बजावले. ही दोन्ही वाक्ये एकाच दिवशीच्या एकाच भाषणात आहेत, हा योगायोग नाही. नियम हा भक्तीवरचा उतारा आहे.

येथे विनयातील एक अवघड भागही मी आपल्यापासून लपवणार नाही. गुप्त शलाका घेताना अधर्माच्या बाजूला अधिक शलाका पडल्या असे दिसले, तर मोजणाऱ्या भिक्खूने मत नीट घेतले गेले नाही असे म्हणून ते बाजूला सारावे, अशी मुभा तेथे आहे. हे आपण उचलायचे काय? माझ्या मते नाही. भिक्खूसंघापुढे प्रश्न असे तो धम्म कोणता व विनय कोणता याचा. धम्म हा डोकी मोजून बदलत नाही, ही त्यामागची काळजी होती. आपल्यापुढे प्रश्न असतो तो वर्गणीची पेटी कोणाकडे ठेवायची याचा. तेथे मोजणाऱ्याच्या हाती निकाल फिरवण्याची सत्ता दिली तर पेटी त्याच्याच घरी जाईल. तथागतांनीच आपल्याला सांगितले आहे की ग्रंथात आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून काही मानू नका, तपासून घ्या. म्हणून शलाका घ्यावी, शलाका मोजणाऱ्याचे गुण घ्यावेत, पण निकाल त्याच्या मर्जीवर सोडू नये. बाबासाहेबांनी दिलेल्या राज्यघटनेत एका माणसाला एक मत आहे. आपल्या वाडीच्या घटनेत त्याहून कमी असू नये.

आता बाबासाहेबांच्या स्वतःच्या संघटना पाहा. १९२४ च्या जुलैत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. तिचे अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड होते, व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्ष बाबासाहेब आणि चिटणीस सीताराम शिवतरकर. १९४२ च्या जुलैत नागपूरला शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन उभे राहिले. सारा समाज ज्यांच्या शब्दावर चालत होता ते बाबासाहेब तिचे अध्यक्ष झाले असतील असे आपल्याला वाटते. पण अध्यक्ष झाले मद्रासचे एन. शिवराज. ज्याच्याइतका मोठा माणूस दुसरा नव्हता, त्याने प्रत्येक खुर्चीवर स्वतःच बसले पाहिजे असे मानले नाही. आपल्या वाडीत मात्र एकच गृहस्थ मंडळाचा अध्यक्ष, विहार समितीचा अध्यक्ष आणि जयंती उत्सवाचाही अध्यक्ष असतो!

आपल्याच जिल्ह्यात महाडला १९२७ च्या डिसेंबरात काय घडले तेही आठवा. चवदार तळ्यावर सत्याग्रह करायला हजारो माणसे जमली होती आणि कोर्टाचा मनाई हुकूम येऊन पडला होता. बाबासाहेबांनी एकट्याने हुकूम सोडला असता तर कोणी मोडला नसता. पण २६ डिसेंबरला परिषदेत बाजूने बोलणाऱ्यांना व विरुद्ध बोलणाऱ्यांना, दोघांनाही बोलू दिले गेले. शेवटी सत्याग्रह तहकूब झाला आणि लढाई कोर्टातून पुढे जाऊन १९३७ च्या मार्चमध्ये मुंबई हायकोर्टात आपल्या बाजूने निकाल लागला. एवढ्या पेटलेल्या सभेत विरुद्ध मताला जागा मिळाली, मग मे महिन्याच्या एका रात्री खजिनदार निवडताना ती का मिळू नये?

आणि त्यांच्यामागे काय झाले, तेही प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपूरला रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला, शिवराज त्याचे अध्यक्ष झाले. थोड्याच वर्षांत फूट पडली आणि पुढे फुटी पडतच राहिल्या. कारणे पुष्कळ होती, सारी एका वाक्यात सांगता येणार नाहीत. पण त्यांतील एक आपल्याला वाडीतही दिसते. निवडीत जो मागे पडला त्याने संघटनेतच राहून काम करावे, पुढच्या वर्षी पुन्हा उभे राहावे, ही रीत आपण रुजवली नाही. हरलेल्याला आपल्यात जागा नसली की तो आपली जागा वेगळी करतो. म्हणजे निवडणुकीमुळे फूट पडते हे खरे नव्हे. ज्या निवडणुकीत हरण्याची लाज वाटते आणि हरवणाऱ्याला माज चढतो, तिच्यामुळे फूट पडते.

आता नव्याने धम्मात आलेल्या घरांसाठी मुद्द्याची गोष्ट सांगतो. सभासद कोण? आपल्याकडे बहुतेक मंडळांत वर्गणी घरटी असते. एक घर, एक वर्गणी, एक नाव, आणि ते नाव घरातील कर्त्या पुरुषाचे. म्हणून मतही त्याचेच. त्याची आई, बायको, मोठी मुलगी, धाकटा भाऊ, हे सारे त्या एका नावात बुडालेले. पण १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या दीक्षाभूमीवर काय झाले? दीक्षा घराने घेतली नाही, माणसाने घेतली. "मी" असे म्हणून प्रत्येकाने, प्रत्येकीने, आपल्या तोंडाने प्रतिज्ञा उच्चारल्या. माईसाहेबांनी बाबासाहेबांबरोबर दीक्षा घेतली, पण त्यांच्या वतीने बाबासाहेबांनी घेतली नाही. जिला स्वतःच्या तोंडाने दीक्षा घेता येते तिला स्वतःच्या हाताने चिठ्ठी का टाकता येऊ नये? वर्गणी घरटी ठेवायची तर ठेवा, गरिबाला ते सोपे जाते. पण मत घरटी ठेवू नका.

"नवे आहेत, त्यांना काय कळते" हेही ऐकायला मिळते. हे शब्द आपल्याला नवे नाहीत. शिकलेल्यांनाच, मालमत्ता असलेल्यांनाच मत द्या, असे देशातील मोठमोठे लोक म्हणत असताना १९२८ साली बाबासाहेबांनी सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकार मागितला. तेव्हा आपण सारेच नवे होतो, अडाणी होतो. मत दिल्यानेच माणूस शहाणा होतो, हे त्यांना कळत होते. विनयातही ज्येष्ठतेला मान होता, बसण्याचा क्रम होता, वंदनेचा क्रम होता. पण ठरावावर "मला मान्य नाही" असे म्हणण्याचा हक्क कालच उपसंपदा घेतलेल्या भिक्खूलाही होता. मान वयाने मिळतो, मत सभासदत्वाने मिळते.

आपल्या तळा तालुक्यातील कुडा लेण्यांत कधी गेलात तर तेथील शिलालेखांची माहिती करून घ्या. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी खाडीकडे तोंड करून खोदलेली ही लेणी. त्यांतील लेखांत दान देणाऱ्यांची नावे आहेत. महाभोज या सत्ताधारी घराण्याशी संबंधित माणसे आहेत, वैद्य आहे, लोखंडाचा व्यापारी आहे, माळी आहे, प्रव्रज्या घेतलेली स्त्री आहे. राज्यकर्त्याच्या माणसाचे दान आणि माळ्याचे दान एकाच डोंगरात कोरले आहे. स्त्रीचे नाव नवऱ्याच्या नावात बुडालेले नाही. आपल्या वहीत हे दिसते काय, एवढे पाहावे.

मग करायचे काय? मोठी घटना लिहायला नको. चार गोष्टी पुरे आहेत.

पहिली गोष्ट, सभेच्या आधी निदान पंधरा दिवस सभासदांची यादी विहारात लावावी. ज्याचे नाव राहिले असेल त्याने सांगावे. मुंबईच्या मंडळींनाही त्याच दिवशी कळवावे. यादीवरचा वाद सभेआधी मिटला की सभेतील निम्मे भांडण जाते.

दुसरी गोष्ट, नावे सभेत अचानक सुचवू नयेत. नाव कोणीही सुचवावे, पण ते कागदावर, सुचवणाऱ्याच्या व अनुमोदकाच्या सहीने किंवा अंगठ्याने, सभेआधी द्यावे आणि त्यावर त्या उमेदवाराची तयारी लिहिलेली असावी. संघात आधी त्या भिक्खूला विचारत, हे विसरू नका. एकाच पदाला एकच नाव आले तर चिटणिसाने ते दोन दिवस आधी वाचून दाखवावे आणि आणखी कोणी आहे काय हे विचारावे. चार माणसांच्या ओटीवर होणारी निवड विहारात आणण्याचा दुसरा उपाय मला दिसत नाही. मतदान कितीही स्वच्छ केले तरी नावेच चौघांनी ठरवली असतील, तर आपण फक्त त्यांच्या मनातील नावाला चिठ्ठी टाकतो.

तिसरी गोष्ट, दोन नावे असतील तर चिठ्ठ्या घ्याव्यात. आणि मोजणारा माणूस असा निवडावा की ज्याचे कोठल्याच गटात सोयरेपण नाही. शेजारच्या वाडीतील एखादी शिकलेली मुलगीही चालेल. लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी चिठ्ठ्यांना दोन रंग द्यावेत. आपल्या पूर्वजांनी शलाकांना दिलेच होते.

चौथी गोष्ट, पदाची मुदत लिहून ठेवावी आणि ती संपली की माणसाने उठावे, चांगला असला तरी उठावे. मंडळ नोंदलेले असेल तर विश्वस्त बदलल्यावर नव्वद दिवसांत बदल अर्ज धर्मादाय आयुक्तांच्या अलिबागच्या कार्यालयात द्यावा लागतो, हेही चिटणिसाने विसरू नये. तो दिला नाही म्हणून जुनी कमिटी खरी की नवी, यावर वर्षानुवर्षे वाद चालतात आणि विहाराचे छप्पर तसेच गळत राहते.

एवढे केल्यावर निवडून आलेल्याशी कसे वागायचे? येथे दब्ब मल्लपुत्त या भिक्खूची गोष्ट आपण मुलांना सांगावी. संघाची सेवा करावी असे त्याच्या मनात आले. त्याने ते भगवंतांना सांगितले. भगवंतांनी "जा, कर" असे म्हणून परस्पर नेमले नाही. संघाला रीतसर ठराव करायला सांगितले. मग तो भिक्खूंच्या राहण्याची व भोजनाची वाटणी पाहू लागला. काही भिक्खूंच्या वाट्याला वाईट जागा व निकस जेवण आले. त्यांना वाटले, याने मुद्दाम केले. त्यांनी त्याच्यावर खोटा आळ घेतला. भगवंतांनी काय केले? दब्ब माझा आवडता आहे, त्याला कोणी बोलू नये, असे म्हटले नाही. आणि आळ आला म्हणून त्याला काढूनही टाकले नाही. संघ जमवला आणि सर्वांसमोर त्याला विचारले. त्याने सर्वांसमोर उत्तर दिले. आरोप खोटा ठरला.

निवडलेल्या माणसाशी वागण्याची ही रीत आहे. शंका असेल तर सभेत विचारा, पारावर कुजबुजू नका. आणि तुम्ही पदावर असाल तर विचारणाऱ्याला शत्रू समजू नका. हिशेब मागणे हा अपमान नव्हे. जो हिशेब मागतो तो तुमच्यावर उद्या येणारा आळ आजच दूर करतो.

शेवटी एक गोष्ट. देवदत्ताने भगवंतांकडे संघाचे नेतृत्व मागितले तेव्हा ते त्यांनी दिले नाही. सारिपुत्त-मोग्गल्लानांनाही मी संघ सोपवणार नाही, मग तुला कसा सोपवू, असे ते म्हणाले. महापरिनिर्वाणाच्या वेळीही त्यांनी वारस नेमला नाही. धम्म व विनय हेच तुमचे शास्ते, असे सांगितले. ज्यांना तथागतांनीही कोणाच्या हाती सोपवले नाही, अशा लोकांचे आपण वारस आहोत. मग आपण स्वतःला सात नावांच्या हाती पंधरा मिनिटांत, न बोलता, सोपवून द्यायचे काय?

येत्या सभेला आपण घरातील सर्व प्रौढ माणसांसह जा. आईला पुढे बसवा. "कोणाची हरकत?" असे विचारले गेले की टाळी वाजवण्याआधी एक क्षण थांबा आणि आजूबाजूला पाहा, कोणाला काही बोलायचे आहे काय. ज्याला बोलायचे आहे त्याला बोलू द्या, मग तो आपल्या नावडत्या घरातील का असेना. तो बोलून झाल्यावर, आणि त्याच्यावर कोणी रागावले नाही हे पाहिल्यावर, जे मौन उरेल ते संमतीचे मौन. त्या मौनाने निवडलेला अध्यक्ष साधा शेतमजूर असला तरी साऱ्या वाडीचा अध्यक्ष असेल.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम!